पाचव्या गुलमोहराची सावली

१

पाचव्या झाडावर मी हातोडी मारून पाहिली होती की नाही, हे मला खात्रीनं सांगता येत नाही. बाकीच्या दहा झाडांचं आठवतं.

झाड आतून पोकळ आहे का हे बघायची माझी एक पद्धत होती. तेहतीस वर्षं विद्यार्थ्यांना तीच शिकवली. गुडघ्याच्या, कमरेच्या आणि छातीच्या उंचीवर काडेपेटीएवढी साल खरवडून काढायची, कारण साल आवाज खाते. मग उघड्या लाकडावर हातोडीचा एकेक ठोका मारायचा आणि कान जवळ नेऊन ऐकायचं. भरीव खोड ‘ठक्’ म्हणतं आणि गप्प होतं. पोकळ खोड जरा उशिरा गप्प होतं. एवढाच फरक असतो, पण एकदा कळला की विसरत नाही. माझी हातोडी भूगर्भशास्त्राच्या एका मित्रानं दिलेली होती. चौकोनी तोंडाची, एक कोपरा उडालेली.

२०१७ च्या जानेवारीत नांदेडमधल्या आमच्या कॉलनीचा रस्ता रुंद व्हायचा होता. कडेला अकरा गुलमोहर होते. भरीव असतील ते ठेवायचे, पोकळ तेवढे काढायचे असं ठरलं. ते सांगायला वनस्पतिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक कॉलनीतच राहत होता. मी एका सकाळी अकराही झाडं तपासली आणि कागदावर सही केली. दुसरं, पाचवं आणि नववं पोकळ, बाकीची भरीव.

दुसऱ्याचा आवाज अजून कानात आहे. नवव्याला तर पोपटांची ढोलीच होती. पाचव्यासमोर मी उभा राहिलो, हेही आठवतं. ते माझ्याच फाटकासमोरचं झाड. हातोडी हातात होती. बारीक ऊन पडलं होतं, वरच्या वाळलेल्या शेंगा खुळखुळत होत्या.

त्यानंतर मला एकदम सहावं झाड आठवतं.

२

एका झाडाचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. म्हणून महादेवीबद्दल सांगायला हवं.

महादेवी माझी बायको, उदगीरकडची. पन्नास वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडे झाडाबद्दल एकच गोष्ट मागितली होती. हे घर घेताना ती म्हणाली होती, “समोर गुलमोहर हाय, तेवढं बघून घ्या. बाकी तुमचं तुमी बघा.” मे महिन्यात फुलं पडायला लागली की ती फुलाखालची जाड निदलं सोलून, थुंकी लावून बोटांना चिकटवायची. लांब लाल नखं व्हायची. साठीतसुद्धा मला ती नखं दाखवून भीती घालायची आणि स्वतःच हसायची.

पुढे ती विसरायला लागली. आधी डब्यांची झाकणं, मग माणसं. मग रोज दुपारी पिशवी घेऊन फाटकाबाहेर जायची आणि गुलमोहराच्या बुंध्याला टेकून बसायची. मामा न्यायला येणार, म्हणायची. मामा जाऊन चाळीस वर्षं झाली होती. जाणारे-येणारे बेल वाजवून सांगायचे, “सर, मॅडम बाहेर बसल्यात.” एकदा एक टेम्पो तिच्या पायाशी येऊन थांबला. ड्रायव्हर मलाच बोलला. मी फाटकाला कुलूप लावलं तर ती दिवसभर गजांना धरून रडली.

मला लाज वाटत होती आणि भीतीही वाटत होती. झाड गेलं तर तिचं बसणं थांबेल, असं माझ्या मनात आलं होतं का? आलं होतं. ते मला चांगलं आठवतं.

झाड गेल्यावरही ती जायचीच. एकोणीस मे २०१७ ला दुपारी माझा डोळा लागला. चार वाजता भांड्यांना सुमनबाई आल्या, त्यांनी मला हलवून उठवलं. महादेवी फाटकाबाहेर होती, जिथे बुंधा होता तिथे. पाठ ताठ, मान किंचित मागे. टेकून बसलेल्या माणसासारखी. मागे काहीच नव्हतं. आम्ही दोघांनी तिला आत आणून पलंगावर ठेवलं. आणताना सुमनबाई एवढंच म्हणाल्या, “अंग तर गार पडलंय वो सर.”

चव्वेचाळीस अंश ऊन होतं. गार कसं, हे मी त्या वेळी विचारलं नाही.

लातूरला मुलीला फोन करून मी सांगितलं, आई झोपेतच गेली, पलंगावर. सुमनबाईंना म्हटलं, हे आपल्या दोघांत राहू द्या. त्यांनी मान हलवली.

आता कळेल. झाड पोकळ असेल, तर मी योग्य तेच लिहिलं आणि पुढचं नशिबाचं. झाड भरीव असेल, तर तिची सावली मी सही करून काढून घेतली. मधलं काही नाही. आणि नेमकं तेवढंच मला आठवत नाही.

३

दोन वर्षांत बाकीचे आठ गुलमोहरही गेले. नालीच्या खोदकामात मुळं तुटली होती. पहिल्या दोन पावसाळ्यांतल्या वाऱ्यात एकेक करून आडवे झाले. रस्ता रुंद आणि उघडा झाला. माझा दिवस ठरलेला होता. सकाळी फिरणं, वर्तमानपत्र, अकराला जेवण, दुपारी ओट्यावर आरामखुर्ची, सहाला मुलीचा फोन. मधे कुणाशी बोललो नाही तर आवाज घोगरा व्हायचा, म्हणून फोनच्या आधी मी एकदा खाकरून घ्यायचो.

२०१९ च्या मे महिन्यात सुमनबाईंनी अंगणात कुरड्या घातल्या. महादेवी घालायची तशाच, जुन्या धोतरावर, लातूरला पाठवायला. मी राखणीला. तिसऱ्या दिवशी त्या उलटायला आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“सर, ही फाटकाकडची बाजू वाळंनाच की वो. परवा घातल्यात, अजून फडक्याला चिकटून राहिल्यात.”

“ढग आला असेल.”

“ढग? मे महिन्यात? आन् तेबी नांदेड सोडून आपल्याच अंगणात बसला?”

मी उठून पाहिलं. धोतराचा घराकडचा भाग खडखडीत वाळला होता. फाटकाकडच्या चार ओळी ओल्या होत्या. दोन्हींवर सारखंच लख्ख ऊन होतं.

“झाड असतं तर म्हनलं असतं सावली पडती,” सुमनबाई म्हणाल्या. “झाड तर आमच्या व्यंकटीनंच पाडलं. माझा धाकला भाऊ, त्या ठेकेदाराकडं हुता. खालचा बुंधा नेला की त्यानं घरला, मुदखेडला. कडबा तोडाया ठेवलाय.”

“अजून आहे?”

“हाय की. लई जड. चौघांनी टेंपोत घातला हुता.”

मी तो बघायला गेलो नाही. मुदखेड नांदेडपासून अर्ध्या-पाऊण तासावर आहे.

त्यांनी ओल्या कुरड्या गच्चीवर नेल्या. तासाभरात वाळल्या.

४

त्यानंतर मी बघायला लागलो. म्हाताऱ्या माणसाला दुपारी दुसरं काय असतं.

एक पिवळसर कुत्री होती. ती सकाळी दहाला रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला झोपायची. बाराला उठून मधोमध यायची. दोनला माझ्या फाटकाला पाठ लावून. चारला फाटकाखालून अंग चोरून अंगणात. भर उन्हात, डांबरावर, आणि तिची जीभ बाहेर नसायची. भाजीवाली बाई हातगाडी ढकलत यायची. सगळ्या रस्त्यात एकदाच थांबायची, तिथेच, आणि पदरानं मान पुसायची. शाळेतून येणाऱ्या पोरी तिथपर्यंत पळत यायच्या आणि तिथे आल्यावर चालायच्या.

रेवणसिद्ध हा आमच्या कॉलनीचा रिक्षावाला. त्याची दुपारची झोप रिक्षातच व्हायची. मी एक दिवस त्याला हाक मारली.

“रेवणसिद्ध, एवढ्या उन्हात कामून लावलीस रे रिक्षा? शाळेच्या भिंतीला लाव की.”

“उन्हात कुठं, सर—” तो डोळे चोळत म्हणाला आणि वर बघितलं. वर निळं आभाळ होतं, एक घार होती. तो जरा वेळ बघतच राहिला. मग ओशाळून हसला. “सवय म्हना. तुमी झाड तोडायला लावलं, सवय थोडीच तोडायला लावली.”

“झाड पोकळ होतं.”

“असंल की. मी कुठं न्हाई म्हनलो?”

त्यानं रिक्षा चालू केली आणि शाळेच्या भिंतीला नेऊन लावली. दुसऱ्या दिवशी परत तिथेच होती. पण त्यानंतर तो कधी तिथे झोपला नाही. रिक्षा लावून स्वतः पलीकडे जाऊन उन्हात उभा राहायचा.

५

मी शास्त्राचा माणूस आहे, हे मी स्वतःला बजावलं. प्रयोगशाळेतले दोन तापमापक माझ्याकडे होते. निवृत्त होताना खोक्यात आले होते. दुपारी दोनला एक डांबरावर ठेवला, एक त्या जागेत. दहा मिनिटांनी वाचले. पहिला एकसष्ट, दुसरा त्रेचाळीस. तापमापक बदलून ठेवले. आकडे जागेबरोबर राहिले.

नाली खालून जात असेल, पाण्याची पाइप फुटली असेल, डांबराचा थर वेगळा असेल. वहीत मी अशी सात कारणं लिहिली. सातव्यासमोर लिहिलं होतं, ‘निरीक्षकाचा दोष’.

दुसऱ्या दिवशी बरोबर बाराला, सूर्य डोक्यावर असताना, खडू घेऊन बाहेर गेलो. सारखं वाकता येत नव्हतं, म्हणून खडू छत्रीच्या टोकाला बांधला. तळव्यांना, चपलेतूनसुद्धा, फरक कळत होता. चटका बसायचा थांबला की तिथे ठिपका. असे फिरत फिरत ठिपके केले आणि जोडले.

मोठा, जरा लांबट गोल झाला. पण उत्तरेकडे तो गोल नव्हता. तिथे तो खोल आत आला होता, कुणी घास घ्यावा तसा. मी ठिपके पुन्हा तपासले. मग छत्रीवर भार देऊन उभा राहिलो.

विजेच्या तारांना लागते म्हणून त्या झाडाची उत्तरेकडची मोठी फांदी दरवर्षी छाटायचे. महादेवी दरवर्षी त्यांच्याशी भांडायची.

६

खडूच्या गोलाची बातमी लातूरला पोचली. कुणी सांगितलं माहीत नाही. माझी मुलगी वर्षाराणी शनिवारी सकाळच्या बसनं आली. ती तिथे एका शाळेत मुख्याध्यापिका आहे. मुख्याध्यापिकेसारखीच तिनं मला समोर बसवलं.

“बाबा, रस्त्यावर खडूनं काय काढत होता?”

“तापमानाची नोंद.”

“कशासाठी?”

“कुतूहल.”

“आईचंसुद्धा असंच सुरू झालं होतं. तीही म्हणायची, सहज बसलेय.” ती बोलली आणि तिलाच वाईट वाटलं. “तसं नाही हो. पण मला तिकडे झोप लागत नाही. तुम्ही एकटे, हे असं घर. लातूरला खोली रिकामी आहे तुमच्यासाठी. हे विकून टाकू.”

ती मला डॉक्टरकडे घेऊन गेली. त्यांनी तारीख विचारली, घड्याळ काढायला लावलं, पाच शब्द सांगून दहा मिनिटांनी परत विचारले. मला पाचही सांगता आले. डॉक्टर म्हणाले, सरांची स्मृती माझ्यापेक्षा बरी आहे. वर्षाराणी रिक्षात बसल्यावर रडली. सुटल्यासारखं वाटलं म्हणून. मला मात्र ‘निरीक्षकाचा दोष’ या ओळीवर काट मारावी लागणार होती, आणि ती ओळ राहिली असती तर बरं झालं असतं.

परतताना तिनं विचारलं, “आई खरंच झोपेत गेली ना, बाबा? त्रास नाही ना झाला तिला?”

“नाही.”

“पलंगावरच ना?”

“हो.”

रेवणसिद्धच रिक्षा चालवत होता. त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि हॉर्न वाजवला. समोर कुणी नव्हतं.

सकाळी ती चहाचा कप घेऊन ओट्यावर आली. डोळे सुजले होते. ती समोरच्या खोलीत झोपली होती.

“झोप झाली का?” मी विचारलं.

“कुठली? त्या शेंगांचा खुळखुळाट ऐकलाय ना तुम्ही? वारा सुटला की थांबतच नाही. लहानपणी मी म्हणायचे, कुणीतरी बांगड्या—”

ती थांबली. कप बशीवर ठेवला. आम्ही दोघांनी रस्त्याकडे पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही झाड नव्हतं.

“मागच्या गल्लीत असेल एखादं,” ती म्हणाली.

“असेल,” मी म्हणालो.

दुपारच्या बसनं जायचं होतं ते ती अकरालाच गेली. फाटकातून निघताना ती उजवीकडे वळून, वळसा घालून गेली. तिला ते कळलं असेल असं वाटत नाही.

७

पुढच्या मे महिन्यात रस्त्यावर कुणीच नव्हतं. ते वर्ष सगळ्यांना आठवत असेल. सुमनबाईंना गावाहून येता येत नव्हतं. रेवणसिद्धची रिक्षा कापडाखाली झाकून उभी होती. मी खिचडी करायचो, ती दोन वेळा खायचो आणि सहाच्या फोनसाठी खाकरायचो.

मी पुन्हा मोजणी केली. मला करायची नव्हती, पण आता ओट्यावर बसलो की पाय गार पडायचे.

गेल्या वर्षीचा गोल माझ्या वहीत पावलांच्या मापानं होता. यंदाचा सगळ्या बाजूंनी दीड हात वाढला होता. उत्तरेकडचा घास जवळजवळ भरून आला होता. छाटायला कुणी नव्हतं ना. तीन वर्षांपूर्वी पाडलेलं झाड वाढत होतं, आणि निरोगी झाड ज्या वेगानं वाढतं त्याच वेगानं. तोडलं नसतं तर ते आज एवढंच असतं. दुपारी चारला ते झाड अंगण ओलांडून ओट्याची पायरी चढत होतं आणि माझ्या आरामखुर्चीच्या पुढच्या पायांपाशी थांबत होतं.

मी खुर्ची मागे घेतली. चार दिवसांनी आणखी मागे घेतली. मग आत, दारात.

एकोणीस तारखेला जेवण झाल्यावर मला वाटलं, या गोष्टीचा निकाल आजही लावता येईल. वयाच्या शहात्तराव्या वर्षी, पदव्या घेतलेल्या माणसाच्या डोक्यात हे कसं आलं, मला सांगता येत नाही. घर इतकं शांत होतं की असलं काहीही डोक्यात आलं असतं. मी माळ्यावरची पेटी काढली. हातोडी फडक्यात गुंडाळलेली होती.

दोन वाजले होते. फाटक उघडून बाहेर आलो. कुत्री तिथे होती. मला बघून उठली आणि रस्त्यापलीकडे जाऊन उन्हात बसली. मी बुंध्याची जागा मोजून काढली, फाटकाच्या डाव्या खांबापासून सहा पावलं. तिथे नवं डांबर होतं. अंगावर ऊन पडलेलं दिसत होतं, माझी स्वतःची सावली पायाशी होती, आणि तरी मानेवरचा घाम थंड होत गेला. माझे श्वास मला ऐकू येत होते. वर, फार वर, खुळखुळ झाली आणि थांबली.

मी विचार केला, हवेत हातोडी फिरवणारा म्हातारा कुणी पाहिला तर संध्याकाळी वर्षाराणीला फोन जाईल. मग वाटलं, बघायला आहे कोण?

कमरेच्या उंचीवर मी हातोडी मारली.

ती थांबली. हवेत माझा हात जिथपर्यंत जायला हवा होता तिथपर्यंत गेला नाही. मनगटाला झटका बसला आणि आवाज आला.

ठक्.

आणि गप्प.

मी वाट पाहत राहिलो. पोकळ असेल तर आवाज जरा रेंगाळतो. मी सगळं आयुष्य तो ऐकायला शिकवलं होतं. काहीच रेंगाळलं नाही.

तेव्हा माझ्या गुडघ्याजवळ काहीतरी हललं. मी मान वाकवली नाही, फक्त डोळे खाली नेले. जमिनीपासून हातभर उंचीवर, बसलेल्या माणसाचा हात जिथे टेकलेला असेल तिथे, पाच लाल नखं होती. लांब, जाड, टोकाला वळलेली. बोटं पसरली की नखांमध्ये जेवढं अंतर राहतं, तेवढं त्यांच्यात होतं. मग ती पाचही, एकामागून एक, माझ्याकडे वळली. कुणीतरी दाखवावी तशी.

मी हातोडी टाकून आत आलो. धावलो नसेन, या गुडघ्यांनी धावता येत नाही. पण मधलं अंगण मला आठवत नाही.

संध्याकाळी फोन वाजला तेव्हा मी न खाकरताच बोललो.

“वर्षा, मला घेऊन जा.”

“काय झालं बाबा? आवाज का असा?”

“काही नाही. घ्यायला ये.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हातोडी आणायला गेलो. ती होती. तिच्याभोवती गुलमोहराची पाच निदलं पडली होती, आतली लाल बाजू वर, नुकतीच सोललेली. कावळ्यानं कुठूनतरी आणली असतील. मी ती उचलून जुन्या सवयीनं टीपकागदात दाबून ठेवली. वर तारीख आणि जागा लिहिली. ‘कोणत्या झाडाचा नमुना’ ही ओळ मोकळी ठेवली.

८

हे मी लातूरला, मुलीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बसून लिहितो आहे. इथे समोर पाण्याची टाकी आहे. झाड नाही. घर भाड्यानं दिलं आहे. भाडेकरू चांगले आहेत. त्यांची तक्रार एवढीच की पुढच्या खोलीत दुपारी दिवा लावावा लागतो.

वर्षाराणीला मी अजून खरं सांगितलेलं नाही. तिला वाटतं मी एकटेपणाला घाबरलो. ते खोटंही नाही. पण ज्या गोष्टीला मी घाबरलो ती एकटेपण नव्हती. तो आवाज होता. हवेतला आवाज पुरावा होत नाही. मला ऊन लागलं असेल, हात दुखरा असेल, मला जे ऐकायचं होतं किंवा ऐकायचं नव्हतं तेच ऐकू आलं असेल. खरा पुरावा मुदखेडला एका गोठ्यात पडला आहे, आणि मी तिकडे जात नाही. पाचव्या झाडावर मी हातोडी मारून पाहिली नसेल, कंटाळून किंवा घाईत तसंच लिहून टाकलं असेल, एवढी एक फट मला राहू द्यायची आहे. हलगर्जीपणा मला सोसेल.

९

वरचं सगळं लिहून चार वर्षं झाली. हे पुढचं आज लिहितो.

मागच्या महिन्यात सुमनबाईंच्या भाचीचं लग्न होतं. पत्रिका द्यायला त्या लातूरपर्यंत आल्या. जाताना दारात म्हणाल्या, “सर, या एकदा. मॅडमचं मी कुनालाच बोलले न्हाई. पर आता माजंबी वय झालं.” त्यांना काय म्हणायचं होतं, ते मला कळलं. मी मुदखेडला गेलो. वर्षाराणी बरोबर होती.

लग्नाच्या गडबडीत मी व्यंकटीला म्हटलं, तो बुंधा दाखव. तो हसला. “आमच्या ठोकळ्याला बघायला लातूरहून आले व्हय सर?” त्यानं मला गोठ्यात नेलं. साडेतीन फूट उंचीचा ठोकळा पत्र्याखाली उभा होता. वर कोयत्याचे शेकडो घाव. गुलमोहराचं लाकूड एवढी वर्षं टिकत नाही, त्याला वाळवी खाते. याला वाळवी लागली नव्हती.

वरची बाजू मी हातानं चाचपली. मध्यापर्यंत लाकूड होतं. मग व्यंकटीला तो आडवा करायला सांगितलं. खालची बाजूही तशीच. पोकळी नव्हती, बोट जाईल एवढीसुद्धा.

“कशी राहील पोकळी?” व्यंकटी म्हणाला. “करवतीचे दोन पाते मोडले हुते आमचे.”

वर्षाराणी दारात उभी होती. “बाबा, काय शोधताय?”

मी तिला जवळ बोलावलं. आईबद्दल एक सांगायचं आहे, म्हणालो. आणि सांगायला तोंड उघडलं, तेव्हा ठोकळ्याची भिंतीकडची बाजू माझ्याकडे वळली होती. तिथे गुडघ्याच्या आणि कमरेच्या उंचीवर काडेपेटीएवढी साल खरवडून काढलेली होती, आणि दोन्ही जागी उघड्या लाकडात एकेक खूण होती. चौकोनी, एक कोपरा नसलेली.